कोणी बघत नसताना

पालकहो,

आज डॉलीपासून सुरुवात करते. नागपुरात हे नाव ऐकलं नाही असं पोर शोधून सापडायचं नाही. सदरला, जुन्या व्हीसीए स्टेडियमच्या परिसरात चहा विकणारा सुनील पाटील. रंगीत गॉगल, मानेवर रुळणारे केस, हातभर उंचावरून सोडलेली दुधाची धार आणि सुट्टे पैसेसुद्धा ऐटीत परत करायची लकब. फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस बिल गेट्स यांनी त्याच्या हातचा चहा घेतानाची चित्रफीत टाकली आणि हा माणूस जगभर पोचला. चित्रीकरण हैदराबादचं होतं. समोर कोण बसलंय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, कोणी परदेशी पाहुणा असेल असं वाटलं, नागपूरला परतल्यावर कळलं, असं त्यानंच नंतर मुलाखतीत सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच्या टपरीच्या शाखा काढायची जाहिरातही आली.

त्या दिवसांत तुमच्या घरी यावर काय बोलणं झालं ते आठवून पाहा. बहुतेक घरांत दोनच सूर होते. एक, "पाहा, शिकूनसवरून काय मिळतं? चहावाला कुठच्या कुठे गेला." दुसरा, "असले थेर आपल्या घरात चालणार नाहीत." दोन्ही वाक्यं मुलांच्या कानावर गेली. पण त्या माणसाबद्दलची मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट मुलांना कोणी सांगितल्याचं ऐकलं नाही. आपली ढब दक्षिणेकडचे सिनेमे पाहून उचलली, असं तो उघडपणे सांगतो. म्हणजे मूळ माल उसनाच. पण तो उसना माल घेऊन तो वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहिला. रोज सकाळी तीच गाडी, तेच दूध, तीच ऑफिसला निघालेली गिऱ्हाइकं. काही हसली असतील, काही वैतागलीही असतील. अशा रोजच्या घासण्यातून ती ढब त्याच्या अंगाची झाली. कॅमेरा त्यानंतर आला.

आपल्या पोरांच्या बाबतीत हा क्रम उलटा झालाय. कॅमेरा आधी येतो आणि अंगात काय मुरवायचं ते तो ठरवतो. त्या वर्षी शाळांच्या स्नेहसंमेलनांत गॉगल लावून चहा ओतणारे डॉली पाहिले. गोड दिसत होती पोरं, नाही असं नाही. पण डॉलीसारखं होणं म्हणजे डॉलीची नक्कल करणं, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

डॉलीच्या त्या चित्रफितीच्या महिनाभर आधी, जानेवारी 2024 मध्ये, आपल्याच गावच्या आणखी एका लेकराबद्दल बातमी आली होती. तिची चर्चा मात्र आपण फार केली नाही. दिव्या देशमुख तेव्हा 18 वर्षांची होती. नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धा खेळून ती आली आणि इन्स्टाग्रामवर तिनं लिहिलं की, काही प्रेक्षकांचं लक्ष माझ्या डावांकडे नव्हतंच. माझे कपडे, माझे केस, माझे उच्चार यांवरच बोललं गेलं. पुरुष खेळाडूंना खेळाबद्दल विचारतात आणि बायकांच्या बाबतीत खेळ सोडून बाकी सगळं पाहतात, असं तिचं म्हणणं होतं. दीड वर्षानं, 28 जुलै 2025 ला, तिनं जॉर्जियातल्या बातुमी इथं कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. आईच्या गळ्यात पडून रडणारी दिव्या आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. त्या अश्रूंच्या मागे जी वर्षं होती, ती कुठल्याच मोबाइलवर नव्हती. थोरली बहीण बॅडमिंटनला जायची, ही इवलीशी, म्हणून बुद्धिबळाकडे वळली अशी तिची गोष्ट आहे. पाच वर्षांच्या त्या पोरीच्या चुकीच्या चाली पाहायला समोरचा खेळाडू, शिकवणारे सर आणि घरचे, एवढीच माणसं असणार. चुकायला तेवढी जागा पुरते. त्याहून जास्त माणसं असली की मूल चुकायला घाबरतं.

हेच मला आज तुमच्याशी बोलायचंय. मोबाइलचे तास किती, डोळ्यांना चष्मा लागेल का, मान दुखेल का, या काळज्या खऱ्याच आहेत आणि त्यावर डॉक्टर मंडळी बोलतात. माझी काळजी थोडी वेगळी आहे. मुलाला एखादी गोष्ट आवडायला लागते तेव्हा ती आवड फार कच्ची असते. विरजण लावलेलं भांडं सारखं उघडून हलवत राहिलं तर दही लागत नाही, तसं ते असतं. त्या काळात कोणी बघू नये. शाबासकी द्यायलासुद्धा फार माणसं नकोत.

ओळखीतली एक मुलगी आहे, सातवीतली. तिला किडे काढायचा नाद. गांधीलमाशी, मुंग्यांची रांग, पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारे ते सगळे पंखवाले. वहीच्या मागच्या पानांवर एकेक पाय मोजून काढायची. आईनं कौतुकानं तिचं चित्रांचं पान सुरू करून दिलं. किड्यांना कोण विचारतंय? पंधरा-वीस लोक पाहायचे, त्यातले निम्मे मामा-मावश्या. मग एकदा तिनं राधाकृष्णाचं चित्र काढताना भरभर पुढे पळणारा व्हिडिओ टाकला, खाली त्या आठवड्यात चाललेलं गाणं. तो धावला. तेव्हापासून ती राधाकृष्ण काढते. सुंदर काढते. पण "आता गांधीलमाशी नाही काढत का गं?" असं विचारलं तर म्हणाली, "काकू, ते कोणी पाहत नाही ना!"

तिला कोणी रागावलं नव्हतं, कोणी वही फाडली नव्हती. तरी एक आवड गेली. आणि राधाकृष्णाचं तरी काय राहिलं? लोकांना आवडलेला तेवढा तुकडा ती पुन्हा पुन्हा काढत राहणार. कोणी पाहिलं नाही तर आवड सुकते. खूप जणांनी पाहिलं तर तिचा तेवढाच भाग वाढत जातो आणि बाकीचं मूल आत आक्रसतं. या खेळात हरणारं मूल आपल्याला दिसतं. जिंकणारं मूलही काहीतरी गमावत असतं, ते मात्र चटकन लक्षात येत नाही.

यात मुलांचा दोष किती? यंत्रणाच अशी आहे. माणूस ज्या व्हिडिओवर थांबतो, तो व्हिडिओ आणखी माणसांपुढे सरकवला जातो. थांबायला लावणारी युक्ती एकाला सापडली की हजार जण तीच करतात, कारण तेच गाणं, तीच पायाची अदा वापरली तर आपलाही नंबर लागेल अशी आशा असते. म्हणून फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी उभं राहून पाहिलं तर दहा टोळकी एकच नाच करताना दिसतात आणि प्रत्येक टोळक्याला आपण काहीतरी हटके करतोय असं मनापासून वाटत असतं. आपल्या तर्री पोह्यांचंही तेच झालं. चिवडा, कांदा, तर्री, लिंबू यांत मजा होती. आता कॅमेऱ्यासाठी त्यावर चीजचा डोंगर येतो. जीभ काय म्हणते हे नंतर.

29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा अनेक आईबापांना सुटलो असं वाटलं होतं. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले. एक दार लागलं नाही तोच शेजारचं उघडलं. आणि हे शहरातल्या खात्यापित्या घरांपुरतं आहे असं समजू नका. 2024 च्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारलं होतं. त्यातली 82 टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकत होती. वापरता येणाऱ्यांपैकी 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला होता आणि 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे उमरेड-काटोलकडचं पोरगं आणि धरमपेठेतलं पोरगं आज एकाच पडद्यापुढे बसलेलं आहे.

या पडद्यापुढे मुलांच्या समाधानाचं काय होतं, याचा अंदाज इन्स्टाग्राम चालवणाऱ्या फेसबुक कंपनीला स्वतःलाही होता. 2021 मध्ये तिच्याच माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांत एक वाक्य असं होतं की, आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, असं 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं. बाकीच्या मुलींना तसं वाटलं नाही, हेही खरं. पण तुमच्या घरातली मुलगी कुठल्या गटातली हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. ती "काही नाही झालं" म्हणते आणि दार लावून घेते.

आता थोडं आपल्याकडे वळू या. रागावू नका.

मुलाच्या आयुष्यातला पहिला कॅमेरावाला कोण असतो? आपण. बारशाचा फोटो, पहिलं पाऊल, पहिला बोबडा श्लोक, "काकूंना नमस्ते कर, पुन्हा कर, आत्ता व्हिडिओ चालू नव्हता." दहावीच्या निकालाला तर टक्क्यांचा आकडा पोराच्या फोटोपेक्षा मोठा. ज्याला 71 मिळाले त्याचा फोटो लागत नाही, आणि तो फोटो लागला नाही हे त्यालाही कळतं. मूल भाषा शिकतं तशी ही रीतही शिकतं. घडलं ते दाखवायचं. दाखवण्यासारखं नसेल तर जणू घडलंच नाही. मग ते तेरा वर्षांचं झाल्यावर सारखं स्वतःला दाखवत सुटलं की आपण कपाळावर हात मारतो.

एका आठवीतल्या मुलाचा पोहायला शिकतानाचा, पाण्यात घाबरून ओरडल्याचा व्हिडिओ घरच्यांनी गंमत म्हणून स्टेटसला लावला. तो वर्गात पोचला. "आई, तू कायले टाकला माझा व्हिडिओ? सगळे पोट्टे हसून राहिले ना!" एवढं बोलून तो गप्प झाला, आणि पोहायला जाणं त्यानं सोडलं. आईला अजून वाटतं की पोराला क्लोरीनचा त्रास होतो.

2023 च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती ठेवली आहे, मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमकं हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. चांगलंच आहे. पण त्यात एक गृहीत आहे की पालक मुलाचं हित पाहील. पालकच जेव्हा व्हिडिओ टाकतो तेव्हा त्या लेकराची संमती कोण घेणार? हे कायद्याच्या आवाक्याबाहेरचं काम आहे, आणि ते अगदी सोपं आहे. टाकण्याआधी त्याला विचारायचं. ते नाही म्हणालं तर टाकायचं नाही. तीन वर्षांच्या पोरालाही विचारा. त्याला कळणार नाही, पण विचारतात हे त्याच्या अंगवळणी पडेल.

कोणी म्हणेल, दाखवण्याची हौस काय आजची आहे? नाहीच. आपल्याकडे तर मुलांच्या मिरवण्याचा अख्खा सण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. दुसरे रघूजी भोसले यांनी 1806 मध्ये तो सुरू केला असं सांगतात. एकीकडे महाल-इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, "घेऊन जा गे मारबत" चा गजर चालतो, आणि संध्याकाळी गल्लोगल्ली पोरं आपापले लाकडी नंदी घेऊन बाहेर पडतात. अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ. कोणी शेतकरी होऊन येतं, कोणी शिवाजी महाराज. दारोदार जायचं, नंदीची पूजा व्हायची आणि बोजारा मिळायचा. दहाची नोट, चॉकलेट, एखादीकडे वही-पेन.

मिरवणं होतं, तुलना होती. "त्याचा नंदी मोठा, माझा लहान" म्हणून रडारड होती. बोजारा कोणाला जास्त मिळाला यावरून भांडणंही व्हायची, उगाच जुनं ते सोनं म्हणायला नको. पण बघणारे कोण होते? तिसऱ्या दारातल्या काकू, ज्यांना ठाऊक असायचं की याच नंदीचं शिंग मागच्या वर्षी मोडलं होतं. "जोडलं का बे शिंग? कोणी जोडून दिलं, आजोबांनी?" असं विचारणारी माणसं. त्यांना नंदीच्या मागे उभं असलेलं पोर दिसत होतं, त्याचा बाप दिसत होता, मागचं वर्ष दिसत होतं. आणि दुसरं म्हणजे रात्री आठ-नऊला सगळं संपायचं. बोजारा जमिनीवर ओतून एकदा मोजला की झालं. एकशे तीस रुपये. संपलं. झोपा. आज टाकलेल्या व्हिडिओचा बोजारा रात्री मोजून होत नाही. तो मध्यरात्री वाढतो, पहाटे वाढतो किंवा वाढत नाही, आणि पोरगं उशीखालचा फोन काढून पुन्हा मोजतं. समाधान व्हायला मोजणी कुठेतरी थांबावी लागते.

हल्ली तान्ह्या पोळ्यालाही एकाच फाटकातून तीनदा आत-बाहेर करायला लावलेलं लेकरू पाहिलंय मी. उकाड्यात फेटा बांधलेला, रंग ओघळलेला, आणि बाबा फोन धरून म्हणतात, "आता थोडं हसून ये." त्या घरच्या काकू हातात बोजारा घेऊन बिचाऱ्या ताटकळत उभ्या.

"अहो ताई, पण आजच्या काळात दाखवलं नाही तर कोण विचारतं?" हा प्रश्न मला नेहमी येतो आणि मी तो उडवून लावत नाही. डॉलीचं पोट त्यावर चाललंय. हातमागाचं काम करणारी, लोणची-पापड विकणारी कितीतरी घरं मोबाइलवर उभी राहिली. एकट्या पडलेल्या मुलांना आपल्यासारखे सोबती तिथं भेटतात. दाखवावं, जरूर दाखवावं. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. हातात काही तयार झालं की ते दाखवावं, आणि तेव्हाही काम दाखवावं. गांधीलमाशीचं चित्र दाखवा. ते काढणाऱ्या मुलीचा चेहरा, तिचं बोलणं, तिचे नखरे बाजारात मांडायची गरज नाही.

घरात मात्र एक गोष्ट मुद्दाम ठेवावी, जिचा फोटो कधीच निघत नाही. सेमिनरी हिल्सवरचं रविवारचं चालणं असेल, आजीबरोबर वडे तळणं असेल, बेसूर का होईना पण पेटी वाजवणं असेल. मुलाला एखादी गोष्ट वाईट करण्याची मुभा हवी. आपण घरात प्रत्येक गोष्टीला "वा, छान, यात पुढे जाशील" म्हणतो, तेही पाहणाऱ्यासारखंच झालं. कधीतरी काहीच म्हणू नये. शेजारी बसून आपलं काम करावं.

आणि विचारायचं असेल तर प्रश्न बदलावा. "किती जणांनी पाहिलं?" किंवा "कितवा नंबर आला?" हे दोन्ही प्रश्न सख्खे भाऊ आहेत, पहिल्याला आपण नावं ठेवतो आणि दुसरा स्वतः रोज विचारतो. त्यापेक्षा "करताना कुठे अडलं?" हे विचारा. ज्याला खरंच काही आवडतं त्याच्याकडे या प्रश्नाचं लांबलचक उत्तर असतं. आणि ज्याच्याकडे नसतं, त्याला रागावू नका, अजून त्याचं त्याला सापडलेलं नाही एवढंच समजा.

फोनमधल्या काही सोयी माहीत असू द्या. इन्स्टाग्रामवर 13 वर्षांखालच्या मुलाचं खातं नियमातच बसत नाही, तरी पाचवी-सहावीच्या पोरांची जन्मसालं आपणच बदलून देतो. ते थांबवता येईल. लाइकचे आकडे लपवायची सोय 2021 पासून आहे. किशोरवयीन मुलांची खाती 2025 पासून भारतातही आपोआप खासगी ठेवली जातात आणि 16 च्या आतल्या मुलाला ती सैल करायला पालकाची परवानगी लागते. हे सगळं मुलाला शेजारी बसवून, त्याच्याच हातानं करून घ्या. तो झोपल्यावर चोरून करू नका.

राहता राहिली सगळ्यांत मोठी अडचण: "बाकी सगळ्यांकडे आहे." एकट्या घरानं ठरवून भागत नाही, हे खरंच आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये ही गाठ सोडवून पाहिली. संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, म्हणून कोणाच्या पोराला आपण एकटेच मागे राहिलो असं वाटत नाही, आणि आईबापांचाही फोन त्यात बंद असतो. बजाजनगरच्या किंवा मनीषनगरच्या अपार्टमेंटमध्ये भोंगा वाजवला तर खालचे भांडायला वर येतील. पण उन्हाळ्यात टँकर कधी येणार हे ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरतं, त्याच ग्रुपवर हा विषय काढून बघा. सातवीपर्यंत खातं नाही, किंवा जेवताना कोणाच्याच हातात फोन नाही, यांतलं एखादं. आजोबा लोक आधी हो म्हणतील, कारण त्यांची तक्रार जुनीच आहे. मग त्यांना हळूच सांगा की सकाळच्या शुभेच्छांचे फोटो पाठवणंही त्यात धरलंय. दोन घरं तयार झाली तरी पोरांना खेळायला जोडीदार मिळतो. तिसऱ्या घरचा पोरगा दोन दिवसांत विचारत येईल, "काय करून राहिले बे तुम्ही?"